पासबुकावर नाव कुणाचं?

(कष्टकरी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला विषय दिला आहे ‘टिकाऊ कोको शेती आणि चॉकलेटचा व्यापार’. मघाशी फळ्यावर तो लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आपल्याला गं काय करायचंय चॉकलेटचं? रेशनचं बोला म्हणावं." मला ते ऐकू आलं. प्रश्न रास्त आहे. चॉकलेट आपल्या पोरांच्या वाढदिवसापुरतं घरात येतं. कोकोचं झाड तर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलंही नसेल. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत ते लावतात. आपल्याकडे नाहीच म्हटलं तरी चालेल.

पण चॉकलेटच्या वडीत मुख्य जिनसा दोन. एक कोको, दुसरी साखर. साखर कुठून येते, ती कोण तोडतं, हे या सभागृहातल्या निम्म्या बायकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यामुळे मी आधी कोकोवाल्या बायकांबद्दल बोलते. मग साखर आपोआप येईल.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन शेजारी देशांत पिकतो, आयव्हरी कोस्ट आणि घाना. मोठे मळे नाहीत. चहाच्या मळ्यांसारखं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. पाच-दहा एकरांचे तुकडे, कुटुंबाच्या कष्टावर चालणारे. झाड मूळचं तिथलं नाहीच, ते अमेरिका खंडातलं. घानात सगळे सांगतात की टेट्टे क्वार्शी नावाच्या लोहारकाम करणाऱ्या माणसानं १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या आणि लावल्या. पुढच्या तीसएक वर्षांत घाना कोको पिकवण्यात जगात पहिला झाला. त्याच्या नावाची इस्पितळं, चौक आहेत. त्या तीस वर्षांत जंगल कुणी साफ केलं, रोपांना पाणी कुणी घातलं, डोक्यावरून पोती कुणी वाहिली, त्यांच्या नावाचा चौक मला दिसला नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी घानाच्या अशांती भागातल्या एका खेड्यात तीन आठवडे होते. हंगामाचे दिवस. तिथल्या बायकांच्या गटानं आमच्यासारख्या चार-पाच देशांतल्या बायकांना बोलावलं होतं. मी ज्या घरी उतरले त्या बाईला सगळं गाव ‘मामे’ म्हणायचं, म्हणजे आई. वय पन्नाशीच्या पुढचं. पहिल्याच दिवशी मी वहीपेन काढून विचारलं, "शेतात तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "मी नवऱ्याला मदत करते."

ही ‘मदत’ मग मी तीन आठवडे पाहिली.

कोकोचं फळ झाडाच्या खोडालाच लागतं, पपईएवढं, पिवळं-तांबूस. पुरुष कोयत्यानं फळं उतरवतात. हो, कोयताच, आपल्यासारखाच. ती सगळ्या शेतातून टोपल्यांत गोळा करून एका जागी ढीग घालायचा, हे बायकांचं. फोडायला सगळे बसतात, पण आतल्या पांढऱ्या, बुळबुळीत गरासकट बिया बोटांनी काढायच्या, हे बायकांचं आणि पोरांचं. मग केळीच्या पानांवर त्यांचा ढीग घालून वरून पानं झाकायची आणि सहा-सात दिवस आंबू द्यायचं, मध्ये दोनदा उलथापालथ करायची. ढिगाला हात लावला तर चटका बसतो इतका तो आतून तापतो. वास शिरक्यासारखा. त्यानंतर बांबूच्या मांडवावर चटया टाकून त्यावर आठवडाभर वाळवण. दिवसभर हातानं परतायचं, चपट्या, किडक्या, चिकटलेल्या बिया निवडायच्या, आभाळ आलं की धावत जाऊन गुंडाळायचं. आपण कुरडया-पापडांची वाळवणं घालतो, तेव्हा दारात बसून काऊ-चिऊ हाकलतो ना, तसं. फरक इतकाच की हे वर्षाच्या मुख्य पिकाचं, घरच्या सगळ्या पैशांचं वाळवण आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. न आंबवलेल्या कोकोच्या बीला चॉकलेटची चवच येत नाही. ती कडू, तुरट लागते. चॉकलेटचा वास आणि चव यांची सुरुवात होते ती त्या पानाखालच्या ढिगात आणि चटईवर. घानाचा कोको जगाच्या बाजारात चांगला मानला जातो, त्याला थोडा जास्त भाव मिळतो, तो याच आंबवण्या-वाळवण्याच्या निगुतीसाठी. म्हणजे ज्या कामाला ‘दर्जा’ म्हणून पैसे मिळतात ते काम बाईचं. आणि त्याला नाव काय? मदत.

शिवाय फवारणीचं पाणी. पाठीवरचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण त्या पंपात घालायचं पाणी ओढ्यावरून डोक्यावर आणते बाई, आणि फवारणी चालू असताना ती तिथेच उभी असते. तिचं काम कुठल्याही नोंदीत ‘फवारणी’ म्हणून लागत नाही. आयव्हरी कोस्टबद्दल आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेनं २०१५ च्या सुमारास आकडे मांडले होते : कोकोतले ६८ टक्के श्रम बायकांचे, उत्पन्नातला वाटा २१ टक्के. पाणी, सरपण आणि सगळ्या मजुरांचा स्वयंपाक हे श्रमांत धरलं की नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

वाळवण झालं की पोतं भरतं. घानात पोतं ६४ किलोचं. गावात खरेदीदाराचा माणूस असतो, त्याच्याकडे काटा असतो. काटामारीबद्दल मी तुम्हांला नव्यानं काय सांगू? वजन होतं आणि ते पासबुकात लिहिलं जातं. आता बऱ्याच ठिकाणी पासबुकाच्या जागी कार्ड आणि मोबाइल येतो आहे. पासबुक मामेच्या नवऱ्याच्या नावावर. पैसे त्याच्या हातात. हंगामअखेरचा बोनस पासबुक पाहून मिळतो, म्हणजे त्यालाच. सवलतीचं खत, रोपं, प्रशिक्षणाचं आमंत्रणही पासबुकवाल्याला. पीक कर्जही त्यालाच.

मी मामेला म्हटलं, "पैसे तो देतो ना?" ती हसली. म्हणाली, "भला माणूस आहे, देतो." मग जरा थांबून, "मागितले की देतो."

हे ‘मागितले की’ आपल्याला ओळखीचं आहे.

आता तिथल्या वारशाबद्दल. अशांती लोक मातृवंशीय. आपल्या अभ्यासवर्गांमध्ये आपण मोठ्या कौतुकानं ऐकलेलं असतं की मातृवंशीय समाजात बाईचं चांगलं असतं. मीही तीच समजूत घेऊन गेले होते. तर कूळ आईकडून चालतं हे खरं, पण पुरुषाची मालमत्ता त्याच्या भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाते. बायको दुसऱ्या कुळाची. तिनं वीस वर्षं नवऱ्याच्या शेतात कोको उभा केला, आणि तो गेला की दीर किंवा भाचा येऊन सांगणार, बाई, आता तू तुझ्या कुळात जा. बायकांच्या संघटनांनी, वकील बायकांनी यावर वर्षानुवर्षं ओरड केली. त्यातून १९८५ साली तिथे वारसा कायदा आला, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मालमत्तेबद्दलचा. राहतं घर आणि घरातल्या वस्तू बायको-मुलांच्या. उरलेल्याचे सोळा आणे धरले तर तीन आणे बायकोला, नऊ आणे मुलांना, दोन आणे आई-वडिलांना आणि दोन आणे रूढीप्रमाणे कुळाला. तीन आणे काही फार नाहीत, पण आधी तेही नव्हते. मात्र हा कायदा लागतो माणसानं स्वतः मिळवलेल्या मालमत्तेला. कुळाच्या जमिनीला लागत नाही. आणि कोको बहुतेक ठिकाणी उभा आहे तो कुळाच्या जमिनीवर.

काही नवरे जिवंतपणीच बायकोला शेताचा तुकडा देतात, तिनं कोको लावायला केलेल्या कष्टांच्या बदल्यात. चार साक्षीदार बोलवायचे, बाईनं दारूची बाटली आणि थोडे पैसे देऊन सर्वांसमक्ष आभार मानायचे, की ते देणं पक्कं झालं. कागद नसला तरी गाव मानतं. हे ऐकताना मला आपल्या लक्ष्मीमुक्तीची आठवण झाली. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं पुढे बायकोच्या नावानं जमीन करून देण्याचा कार्यक्रम घेतला होता. आपल्यातल्या काही जणींनी तेव्हा त्यावर टीकाही केली होती, की हक्क म्हणून द्या, कृपा म्हणून कशाला? टीका बरोबर होती. पण ज्या बायकांच्या सातबाऱ्यावर नाव लागलं त्यांना विचारा, ते पुसून टाकायचं का म्हणून.

मामेच्या शेजारी एक विधवा बाई राहायची, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबातली. तिच्या नवऱ्यानं दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं कोको लावला होता. जमीन मालकाची, झाडं लावणाऱ्याची, आणि झाडं उत्पन्न द्यायला लागली की निम्मं शेत एकाचं, निम्मं दुसऱ्याचं. नवरा गेला, झाडं म्हातारी झाली, वर त्यांना रोग लागला. या रोगात फांद्या सुजतात आणि झाड काही वर्षांत मरतं. घानात तो १९३६ साली पहिल्यांदा सापडला आणि आजवर त्यावर उपाय एकच, झाड तोडायचं. सरकारी कोको मंडळाची माणसं आली, म्हणाली तोडू या, नवीन रोपं फुकट देतो, नुकसानभरपाईही देतो. बाई तोडू देईना. मंडळाच्या माणसानं माझ्यासमोर कपाळावर हात मारला : "या अडाणी बायकांना टिकाऊ शेती कळत नाही."

तिला सगळं कळत होतं. तिचा हक्क झाडात होता, जमिनीत नव्हता. झाड उभं आहे तोवर ती तिथे आहे. झाड पडलं की मालक म्हणणार, करार संपला. नवीन रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षं. तोवर ती खाणार काय, आणि ती झाडं तिचीच राहतील हे कुणी लिहून दिलं आहे? ती मला म्हणाली, "रोगट झाड मला अर्धं पोतं देतं. तोडलेलं झाड काय देणार?"

घानाचं कोकोचं पीक २०२०-२१ मध्ये दहा लाख टनांच्या वर होतं, ते २०२३-२४ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आलं. कारणं पुष्कळ आहेत. पाऊस, रोग, सोन्याच्या बेकायदा खाणींनी खाल्लेली शेतं, जुनी झाडं, शेजारच्या देशात चोरून जाणारा माल. पण जुनी, रोगट झाडं का उभी राहतात, याचं एक उत्तर त्या विधवेपाशी आहे, आणि ते शेतीशास्त्राचं नाही, हक्काचं आहे.

सावलीच्या झाडांचंही तेच. कोको मुळात जंगलाच्या सावलीत वाढणारं झाड. जास्त पिकासाठी पुढे उघड्या उन्हातल्या जाती आल्या, जंगलं साफ झाली. आयव्हरी कोस्टनं १९६० पासून आपलं ८० टक्क्यांहून जास्त जंगल गमावलं, त्यात कोकोचा वाटा मोठा. आता कंपन्या म्हणतात सावलीची झाडं लावा. चांगलं आहे. पण घानात १९६२ च्या कायद्यापासून रानात आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड सरकारच्या ताब्यात. शेतकऱ्यानं ते वाढू दिलं तर उद्या ठेकेदार परवाना घेऊन येणार, झाड तोडणार, आणि पडताना ते खालचा कोको मोडणार. म्हणून लोक असं रोप दिसलं की लहानपणीच उपटतात. त्यांना निसर्गप्रेमाचे धडे देऊन काय उपयोग?

आता कंपन्यांच्या ‘टिकाऊ’ योजनांकडे येते. त्या खूप आहेत आणि सगळ्याच खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. २००१ साली अमेरिकेत चॉकलेट कंपन्यांनी करार केला की कोकोतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू. मग मुदत २००८ झाली, मग २०१०, मग ‘७० टक्के कमी करू, २०२० पर्यंत’. आणि शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेनं २०१८-१९ च्या हंगामाची पाहणी केली तेव्हा दोन देशांत मिळून १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतात बालमजुरीत धरता येतील अशी निघाली. बातम्यांत येतात ती पळवून आणलेली मुलं. तीही आहेत. पण बहुतेक मुलं आपल्याच आईबापाच्या शेतात राबतात. बापाला मजूर लावायला पैसे नसतात, आई आधीच तीन माणसांचं काम करत असते, आणि ती वाळवणावर बसली की पाण्याला कोण जाणार? थोरली मुलगी. कंपन्यांनी मुलं शोधायला गावोगाव माणसं नेमली. आईचे न मोजलेले तास शोधायला कुणी नेमलं नाही.

बायकांसाठी काय केलं? बचत गट! तुम्ही हसताय. मीही तिथे हसले. दर आठवड्याला पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. त्याचा उपयोग होतो, मामेनं त्यातूनच नातीची शाळेची फी भरली. पण तिच्या आंबवण्या-वाळवण्याचा मोबदला म्हणून काही देण्याऐवजी तिला तिच्याच पैशांची बचत करायला शिकवायची, आणि त्याचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचा, ही युक्ती आपल्याला काही परदेशातून शिकायची गरज नाही. त्यात प्रशिक्षणं, सभा, रोपवाटिका या सगळ्या ‘सहभागा’चे तास तिच्या दिवसाला जोडले गेले, ते वेगळंच.

प्रमाणपत्राचा कोको असतो, त्याच्या टनामागे जादा रक्कम मिळते. फेअरट्रेडची ती रक्कम २०१९ पासून २४० डॉलर. तिचं काय करायचं ते सहकारी संघाची सभा ठरवते. सभासद कोण? ज्याच्या नावावर कोको. युरोपनं २०२३ साली कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेला कोको आम्ही घेणार नाही, त्यासाठी प्रत्येक शेताचा नकाशा द्या. अंमल दोनदा पुढे ढकलला गेला, पण नकाशे काढणं सुरू आहे. मोबाइल घेऊन पोरं शेताच्या कडेनं फिरतात, नकाशा तयार होतो, आणि खाली एक रकाना असतो : शेतकऱ्याचं नाव. मी त्या पोराला विचारलं, एका शेताला दोन नावं लिहिता येतात का? तो म्हणाला, "रकाना एकच आहे, मॅडम." एकदा हे संगणकात गेलं की पुढची वीस वर्षं तोच पुरावा. मला भीती वाटते ती याची. जंगल वाचवायचा कायदा, आणि त्यातून बाई आणखी पक्की पुसली जाणार.

भावाबद्दल थोडक्यात. २०१५ च्या ‘कोको बॅरोमीटर’ अहवालाचा हिशेब होता की शंभर रुपयांच्या चॉकलेटमागे शेतकऱ्याला ६ रुपये ६० पैसे. दोन्ही देशांनी एकत्र येऊन २०२०-२१ पासून टनामागे ४०० डॉलर जादा घ्यायला सुरुवात केली, तर दर्जापोटी मिळणारी दुसरी रक्कम व्यापाऱ्यांनी खाली ओढली. मग २०२४ मध्ये जगाचा भाव भडकला. २०२३ च्या सुरुवातीला टनाला २,६०० डॉलरच्या आसपास होता तो डिसेंबर २०२४ मध्ये १२ हजारांवर. मामेच्या गावात? मी होते तेव्हा पोत्याला १,३०८ सेडी, एप्रिल २०२४ मध्ये २,०७०, सप्टेंबरात ३,०००. सरकारी मंडळ माल वर्षभर आधीच विकून ठेवतं, म्हणून तेजी शेतापर्यंत उशिरा आणि पातळ होऊन पोहोचली. २०२५ अखेर जगाचा भाव पुन्हा निम्म्यावर आला होता. मंदी पोहोचायला मात्र वेळ लागत नाही.

मग कुठे काही बरं घडलं का? घडलं. १९९३ साली कोको खरेदीतली सरकारी मक्तेदारी सैल झाली तेव्हा शेतकऱ्यांनी ‘कुआपा कोकू’ नावाचा सहकारी संघ काढला. काटा आपला, तोलणारा आपल्यातलाच निवडलेला. सुरुवातीपासून गावसमितीत बायकांसाठी जागा राखीव. बायका तोलणाऱ्या झाल्या, पदाधिकारी झाल्या. सभासदांत तिसरा हिस्सा बायकांचा. १९९८ मध्ये लंडनला चॉकलेटची कंपनी निघाली, तिच्यात या संघाची मालकी पुढे ४५ टक्के झाली. कोको पिकवणाऱ्यांची चॉकलेट कंपनीत मालकी! पुढे, २०२० च्या सुमारास, ती कंपनी एका जर्मन उत्पादकाकडे गेली आणि संघाचा वाटा २० टक्क्यांवर आला. बाजारात टिकणं अवघड असतं, सहकाराचं काय होतं तेही आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. पण जिथे बाईच्या हातात काटा आला तिथे सभासदत्वाचा प्रश्न निघाला, आणि तिथून नवऱ्याच्या शेतातला तुकडा तिच्या नावावर करायचा प्रश्न निघाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटच्या रात्री मामेनं विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?" मी म्हटलं, ऊस. मग तिला कोयता म्हणजे काय ते सांगितलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात, मजुरी जोडप्याची, हजेरीत बाई वेगळी नाहीच. पाळी आली, बाळंतपण आलं, खाडा झाला की दंड. बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. दुभाष्या मुलीला ‘पिशवी’ समजावताना मला वेळ लागला. तिनं मामेला सांगितलं, आणि मामे कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ती साखर आमच्या कोकोत घालतात?"

तर मागच्या रांगेतल्या ताई, हे असं आहे.

मागण्या काय करायच्या ते उद्याच्या गटचर्चेत ठरवू. माझ्या डोक्यात आहे ते सांगते. त्यांच्याकडे नकाशाच्या रकान्यात दोन नावं, आपल्याकडे कोयत्याच्या करारावर दोन नावं आणि दोन वेगळ्या मजुऱ्या. ‘टिकाऊ’, ‘जबाबदार’ असा शिक्का जिथे असेल, मग तो चॉकलेटवर असो की साखरेच्या पोत्यावर, तिथे विचारायचं की पैसे कुणाच्या नावानं दिलेत, कागद दाखवा. तिकडच्या गटाला मी पत्र लिहिणार आहे, त्यात तुमच्या सह्या हव्यात. अंगठा चालेल. उद्या सकाळच्या सत्रात बीडच्या मैत्रिणी बोलणार आहेत, त्यांना वेळ पुरला पाहिजे, म्हणून मी इथे थांबते.